वर्षानुवर्षं उभी असलेली क्लासिक गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी गाडी पाच, पंधरा, कधी तीस वर्षं एका जागी उभी असते आणि एक दिवस ती पुन्हा चालवायचं कुणाच्या तरी मनात येतं. अशा लोकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डोळ्यासमोर आहे ती कार्ब्युरेटर आणि पॉइंट-कंडेन्सरवाली (उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कांनी स्पार्क पाडणारी) पेट्रोल गाडी. डिझेल, इंजेक्शन किंवा टायमिंग बेल्टवाल्यांनी आधी प्रश्न २० वाचावा. एक मत सुरुवातीलाच सांगतो: नुसतं उभं राहून या गाड्यांचं जेवढं बिघडतं, त्याहून जास्त पुष्कळदा पहिल्या दिवशीच्या उतावळेपणाने बिघडतं. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत ‘थांबा’ हाच शब्द सापडेल.

१. गाडी दहा वर्षं शेडमध्ये आहे. नवी बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे. इंजिन बंद असताना ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उतरतं. सिलिंडरच्या भिंती, कॅमशाफ्ट, रॉकर, सगळं हळूहळू कोरडं पडतं. गाडी थांबली तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, त्यात दमट हवा शिरते आणि पिस्टनच्या रिंगांजवळ बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो. अशा इंजिनाला सेल्फने फिरवलं की रिंगा त्या गंजावरून खरवडत जातात. रिंग तुटते किंवा बोअरला ओरखडे पडतात. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असेल तर पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत जोर पोहोचवणारा दांडा) वाकतो. हाताने फिरवताना अडथळा जाणवतो आणि आपण थांबतो. सेल्फला ते कळत नाही, तो रेटत राहतो.

आणि समजा, गाडी चालू झालीच, तर? ब्रेक नसलेली गाडी चालू करून करणार काय?

२. विकणारा म्हणतो, ‘उभी केली तेव्हा मस्त चालत होती.’ यावर किती विश्वास ठेवू?

तो खरं बोलतोय असं धरून चाला, पण ते वाक्य त्या दिवसापुरतं खरं आहे. त्याऐवजी गाडी उभी का केली, ते विचारा. मालक परगावी गेला, वय झालं, घरात दुसरी गाडी आली, ही कारणं चांगली. ‘थोडी गरम व्हायची’ किंवा ‘दुसरा गिअर सुटायचा’ असं ऐकलंत, तर तो दोष अजून तिथेच आहे आणि त्यावर वर्षं चढली आहेत.

दुसरा प्रश्न जागेचा. मातीच्या जमिनीवर उभ्या गाडीला खालून सतत ओल लागते. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीची तळाची बाजू त्यात सडलेली निघते. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली घट्ट झाकलेली गाडी तर कधी कधी उघड्यावरच्या गाडीहून वाईट असते, कारण आतला दमटपणा बाहेरच पडत नाही. शेवटी किल्ल्या, कागद आणि सुटे केलेले भाग मागा. खोक्यात पडलेला एखादा कार्ब्युरेटर किंवा दिव्याची रिंग पुढे महिनोन्महिने शोधूनही मिळत नाही.

३. मग नेमकी सुरुवात कुठून करू?

खालून. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका) आणि आधी पत्रा, चासी आणि सस्पेन्शन जिथे जोडलं आहे त्या जागा तपासा. तिथेच गाडी सडलेली असेल, तर इंजिनावर घालवलेला वेळ वाया जाईल. हे कसं तपासायचं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

चासी ठीक असेल, तर प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडा आणि इंजिनाला मुरू द्या. तेवढ्या दिवसांत ब्रेकचं काम उरकतं. त्यानंतर टाकी आणि पेट्रोलची लाइन, कूलिंग, वायरिंग, आणि मगच स्टार्ट. टायर शेवटी घेतले तरी चालतात. काम चालू असताना जुने टायर गाडी ढकलायला पुरतात.

प्रत्येक भाग खोलण्याआधी फोटो काढा. नट-बोल्ट पिशव्यांत घालून त्यावर नाव लिहा. कंटाळवाणं आहे, पण सहा महिन्यांनी तुम्हाला काहीही आठवणार नाही.

४. गाडी जागेवरून हलतच नाही. शेडबाहेर कशी काढू?

बहुतेक वेळा ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात, किंवा हँडब्रेकची केबल आत गंजून अडकलेली असते. दोर बांधून दुसऱ्या गाडीने खेचू नका. लायनर शूपासून उखडून ड्रममध्ये अडकतो आणि चाक कायमचं जाम होतं. चाक उचला, ब्रेकचा ॲडजस्टर पूर्ण सैल करा, हँडब्रेकची केबल सोडवा आणि ड्रमच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने चहूबाजूंनी ठोका. बिडाचा ड्रम थेट हातोडीने ठोकला तर तडकतो. डिस्क ब्रेक असेल, तर कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असतो. ब्लीड निपल (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून दाब सोडला की बरेचदा तेवढ्यावर चाक सुटतं.

ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.

गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर टोचन लावू नका. सपाट ट्रकवर चढवून न्या.

५. आत उंदरांनी घर केलंय. नुसतं झाडून घेतलं तर चालेल?

कोरडं झाडू नका. उंदरांच्या लेंड्या आणि मुताची धूळ नाकातोंडात गेली तर गंभीर आजार होऊ शकतो. हातमोजे आणि मास्क घाला, दारं उघडी ठेवा, जंतुनाशकाने सगळं ओलं करा, मग उचला. घरटी फक्त सीटमध्येच नसतात. एअर फिल्टरची डबी, हीटरचा पंखा आणि सायलेन्सरचं तोंड आवर्जून पाहा. एअर फिल्टरमधली गवताची काडी थेट इंजिनात जाते. घरटं दिसलं की जवळची वायरिंग कुरतडलेली आहे असंच धरून चाला.

६. इंजिन जाम आहे की नाही, हे कसं ओळखू? जाम असेल तर उघडावंच लागेल का?

सगळे प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा आणि किमान दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला हलकेच ओढा. फिरलं तर उत्तमच. थोडं फिरून थांबलं तर जोर लावू नका. उलट थोडं मागे घ्या, पुन्हा पुढे न्या. दर वेळी एक-दोन अंश जास्त मिळाले, तरी काम होतंय असं समजा.

अजिबात हलत नसेल, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून घाला. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळे जवळ ठिणगी नको. मग आठवडा, दोन आठवडे, महिनासुद्धा वाट पाहा आणि अधूनमधून मिश्रण वाढवत राहा. जाम इंजिन सोडवताना धीराइतकं काहीच उपयोगी पडत नाही आणि तोच कुणाकडे नसतो. लांब पाइप लावून पूर्ण ताकदीने ओढलं की पुलीचा बोल्ट तुटतो आणि कामात काम वाढतं.

महिनाभरात काहीच हललं नाही, तर हेड उघडा. पाणी शिरून बोअरला खोल खड्डे पडले असतील, तर इंजिन सुटूनही उपयोग नाही. ते धूर काढेल आणि ऑइल पिईल. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून बोअर आधीच पाहता येतो. असे कॅमेरे आता फोनलाही जोडता येतात.

इंजिन सुटल्यावर, प्लग बाहेरच असताना ते बरंच फिरवून घ्या आणि भोकांवर फडकं धरा. आत उरलेलं ऑइल बाहेर उडायला हवं. ते आत ठेवूनच प्लग लावले आणि सेल्फ मारला तर पिस्टन त्या द्रवावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

७. इंजिन हाताने मोकळं फिरतंय. आता तरी स्टार्ट करू?

अजून दोन गोष्टी राहिल्या. रॉकर कव्हर उघडा, इंजिन हाताने फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन पूर्ण वर येतो का, ते एकेक करून पाहा. एखादा खालीच राहिला, तर त्याच्या दांड्यावर गंज सोडवणारं ऑइल सोडा आणि लाकडाने हलकेच ठोकून तो मोकळा करा.

दुसरं, ऑइलचा दाब. जुनं ऑइल काढून नवीन ऑइल आणि फिल्टर घाला. शक्य असेल तर चेंबर खोला, तळाशी काळा चिखल बसलेला असतो. इंजिन फ्लश घालण्याचा मोह आवरा. इतक्या वर्षांचा गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाची जाळी त्यानेच बुजते. प्लग काढलेले ठेवून, कॉइलची वायर सोडून, सेल्फ थोडा थोडा मारा. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा वर चढला की बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचलं. काही इंजिनांत ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याने चालतो. तिथे डिस्ट्रिब्युटर काढून तो दांडा ड्रिल मशीनने फिरवता येतो.

८. ऑइल कोणतं घालू? महागडं सिंथेटिक घातलं तर जास्त चांगलं ना?

नाही. सपाट टॅपेटवाल्या (टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) जुन्या इंजिनांना जस्त आणि फॉस्फरसचा अंश असलेलं ऑइल लागतं. त्यामुळे कॅम आणि टॅपेट यांच्यात संरक्षक थर बसतो. आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये हा अंश कमी केला आहे, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. शिवाय पातळ सिंथेटिक जुन्या दोरीच्या सीलमधून पाझरतं. गाडीच्या पुस्तकात दुसरं काही सांगितलं नसेल, तर क्लासिक गाड्यांसाठी मिळणारं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल बहुतेक ठिकाणी चालतं. पहिलं ऑइल मात्र थोडेच दिवस ठेवा, शेदोनशे किलोमीटरनंतर बदला.

गिअरबॉक्सला वेगळा नियम. जीएल-५ दर्जाच्या काही ऑइलमधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) खातात. पुस्तकात जीएल-४ म्हटलं असेल तर जीएल-४ च घाला.

९. टाकीत जुनं पेट्रोल आहे. त्यात नवं मिसळून चालेल?

जुन्या पेट्रोलचा एक थेंबही इंजिनात जाऊ देऊ नका. पेट्रोलमधले हलके घटक काही महिन्यांतच उडून जातात. मागे राहतं त्याचा चिकट डिंक होतो आणि त्याला जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. असं पेट्रोल इंजिनात जळलं, तर डिंक व्हॉल्व्हच्या दांड्यांवर चढतो. गरम असताना गाडी चालते, थंड झाल्यावर व्हॉल्व्ह चिकटतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्टार्टला पुशरॉड वाकतात. ‘काल तर छान चालली होती’ अशी तक्रार आली, की बरेचदा कारण हेच असतं.

टाकी उतरवा, रिकामी करा, आत दिवा सोडून पाहा. हलका गंज असेल, तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड मिसळून एक-दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. ओली ठेवली तर तासाभरात पुन्हा तांबडी पडते. भोकं असतील तर वेल्डिंग तज्ज्ञाकडेच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. टाकीच्या आतून देण्याचे लेप मी शेवटचा उपाय मानतो. लेप नीट बसला नाही तर त्याच्या पापुद्र्यांनी पाइप तुंबतो.

पहिल्या स्टार्टसाठी टाकी वापरूच नका. ताज्या पेट्रोलचा छोटा कॅन, नवीन पाइप आणि मध्ये पारदर्शक फिल्टर एवढं पुरतं.

१०. कार्ब्युरेटर पूर्ण उघडावा लागेल, की क्लीनर स्प्रे पुरेल?

उघडा. स्प्रेने बाहेरचा मळ जातो, पण जेटमधला सुकलेला डिंक तसाच राहतो. गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह आणि ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा बदला. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटका आहे. फ्लोट बुडाला की पेट्रोल गरम इंजिनावर ओसंडतं, आणि आग लागण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. जेट तारेने खरवडू नका, भोक मोठं होतं. हवा मारा. एसयू (बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत असलेल्या) कार्ब्युरेटरमध्ये पिस्टन बोटाने उचलून सोडला, तर तो ‘टक्’ आवाज करत खाली बसला पाहिजे. वरच्या डॅशपॉटमधलं (पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या नळीतलं) ऑइलही बघा. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल, तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकचा वास घेण्याची सवय ठेवा.

११. जुनी गाडी शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. आता शिसं नाही आणि वर इथेनॉल आहे. इंजिन खराब होईल?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि शिशाची भीती जरा जास्तच घेतली जाते. शिशाचा थर मऊ व्हॉल्व्ह सीटचं रक्षण करायचा. तो गेल्यावर एक्झॉस्टचे सीट झिजतात, पण मुख्यतः दीर्घकाळ वेगात, जड भाराखाली गाडी पळवली तर. आरामात चालवणाऱ्याने टॅपेटची फट नियमित मोजावी. ती वारंवार कमी होऊ लागली तर सीट झिजतोय. पुढे कधी हेड उघडलं की कठीण सीट बसवून घ्या, त्यासाठी मुद्दाम उघडू नका.

इथेनॉलचा त्रास मात्र खरा आहे. तो जुने रबरी पाइप, पंपाचे पडदे आणि काही फ्लोट मऊ करतो. हवेतलं पाणी ओढतो, आणि पाणी जास्त झालं की ते वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी गंजवतं. पाइप इथेनॉलला टिकणारेच घ्या. बाहेरून नवे दिसणारे जुने पाइप वाकवून पाहा, तडे दिसतील.

१२. ब्रेकचं पेडल टणक लागतंय. तरीही सगळं उघडायचं?

हो, प्रत्येक व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि प्रत्येक रबरी पाइप. यात सवलत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. आज पेडल टणक आहे कारण रबराची वॉशर सवयीच्या जागी बसली आहे. जोरात ब्रेक दाबलात की ती पुढे गंजावर जाईल आणि फाटेल. म्हणूनच ब्लीडिंग करताना जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल तळापर्यंत दाबत राहिल्याने धड चाललेला सिलिंडरही गळायला लागतो.

रबरी पाइपची गंमत वेगळी. तो बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून भोक बंद होतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत मात्र येत नाही. ब्रेक धरून राहतो, ड्रम तापतो आणि लोक सिलिंडर बदलत बसतात. लोखंडी पाइप गंजले असतील तर तांबं-निकेलचे घाला. ते वाकवायला सोपे आणि न गंजणारे आहेत. बोअर खराब झालेला दुर्मीळ सिलिंडर फेकू नका, त्यात स्टेनलेसची स्लीव्ह बसवता येते.

१३. ब्रेक ऑइल डॉट ५ घातलं तर पाण्याचा प्रश्नच मिटेल ना?

डॉट ५ सिलिकॉनचं आहे. ते पाणी शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही, म्हणून जास्त उभ्या राहणाऱ्या गाड्यांत काही जण वापरतात. पण ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. पूर्ण यंत्रणा नव्या रबरासह कोरडी असेल तरच घाला. डॉट ५.१ हे नावाने जवळचं वाटलं, तरी ग्लायकॉलचं आहे, डॉट ४ च्या जातीचं.

मोठा अपवाद हायड्रॉलिक सस्पेन्शनच्या सित्रोएन गाड्यांचा. त्यांच्या डीएस या मॉडेलमध्ये १९६६-६७ च्या सुमारास एलएचएम नावाचं हिरवं मिनरल तेल आलं, त्याआधी वेगळं होतं. एकाच्या जागी दुसरं, किंवा एलएचएमच्या गाडीत डॉट ४ घातलं तर सगळी सील फुगून निकामी होतात. आधी त्या तेलाच्या टाकीवरचा रंग आणि गाडीचं वर्ष जुळवा, मग डबा उघडा.

१४. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरून चाचणी घेतली तर?

गळती पाहण्यापुरतं चालेल. पण आधी रेडिएटर आणि ब्लॉक वेगवेगळे, पाण्याच्या नेहमीच्या वाहण्याच्या उलट दिशेने धुवा. ब्लॉकच्या मागच्या भागात गंजाचा गाळ साचतो आणि शेवटचा सिलिंडर त्यामुळेच तापतो. ब्लॉकचा ड्रेन नळ उघडूनही काही येत नसेल, तर आत तार घाला. ब्लॉकच्या बाजूचे पातळ पत्र्याचे कोअर प्लग आतून गंजतात. एक पाझरला तर सगळे बदला. थर्मोस्टॅट भांड्यातल्या गरम पाण्यात टाकून उघडतो का ते पाहा. नळ्या आणि फॅन बेल्ट नवे घ्या. चाचणी झाली की पाणी काढून ग्लायकॉलचं कूलंट निम्मं पाण्यात मिसळून भरा. तांब्या-पितळेच्या झाळलेल्या रेडिएटरसाठी क्लासिक गाड्यांचं पारंपरिक कूलंट घ्यावं.

१५. बॅटरी जोडताना धूर निघेल अशी भीती वाटते. सुरक्षित उपाय?

बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब मालिकेत, म्हणजे सगळा प्रवाह त्यातूनच जाईल असा, जोडा. सगळी बटणं बंद असताना बल्ब प्रखर पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बच विद्युतप्रवाह अडवतो, त्यामुळे वायर जळत नाही. आता एकेक फ्यूज किंवा जोड काढत जा. ज्या क्षणी बल्ब विझला, ती दोषाची वाट. हे झाल्यावरच बॅटरी थेट जोडा, आणि तेव्हाही कटऑफ स्विच लावाच. कापडी किंवा रबरी आवरणाच्या वायरी वाकवल्यावर भुगा होत असतील, तर जोडकाम करत बसू नका, संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. अर्ध्याअधिक तक्रारी मात्र अर्थिंगच्या असतात. इंजिन ते बॉडीची पट्टी आणि दिव्यांच्या अर्थचे स्क्रू चकचकीत घासून घ्या.

१६. सगळं जोडलं, पण प्लगला स्पार्क येत नाही.

पॉइंट. उभ्या गाडीत त्यांच्या टोकांवर गंजाचा पातळ थर बसतो आणि वीज जात नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग कोऱ्या कागदाची पट्टी ओढून धूळ काढा. फट बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, पण पुस्तक पाहा. तरीही स्पार्क नसेल तर कंडेन्सर, रोटर, कॉइल या क्रमाने.

१७. पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे काय? आणि डायनॅमो चार्जच करत नाही, तो जळालाय का?

१९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने उलटं जोडलंत तर रेडिओ जातो, आणि कुणी मागाहून अल्टरनेटर बसवला असेल तर त्याचे डायोड जातात. बॅटरीच्या केबलच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मधल्या काळात कुणी तरी केबल बदललेली असते. त्याच जुन्या काळातल्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, हेही तपासा.

डायनॅमो बहुतेक जळालेला नसतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यातलं उरलेलं चुंबकत्व जातं. बॅटरीने क्षणभर प्रवाह देऊन ते परत आणता येतं. मात्र पद्धत डायनॅमोच्या रचनेनुसार बदलते. ल्यूकसच्या डायनॅमोत एफ टर्मिनलची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीची जिवंत वायर टेकवतात. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत हेच रेग्युलेटरवर करतात. चुकीची पद्धत वापरली तर रेग्युलेटर जळतो.

१८. गंज वरवरचा आहे की आतपर्यंत, कसं कळेल?

बोथट स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोचा. दाराखालची पट्टी, फ्लोअरच्या कडा, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शनचे सांधे. टणक आवाज आला तर बरं, ‘कुरकुर’ आली तर वाईट, आरपार गेला तर निदान आता कळलं तरी. चुंबक चिकटत नसेल तर तिथे पुट्टी आहे. खालून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं की मी जास्तच टोचतो. फेंडरवरचा गंज रस्त्यावर जाण्याआड येत नाही, चासीतला येतो.

१९. टायरला भरपूर नक्षी आहे, एकही तडा नाही. वापरू ना?

नको. रबर वयाने कडक होतं आणि आतले थर सुटतात, ते वरून दिसत नाही. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: ‘१४०९’ म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालाआधीचा आहे. दहा वर्षांपुढचा कोणताही टायर, स्टेपनीसह, काढून टाका. ट्यूबही नव्या. रेडियल आणि क्रॉसप्लाय (आतल्या धाग्यांची जुन्या पद्धतीची तिरकी रचना असलेले) टायर मिसळू नका. नाइलाजच असेल तर रेडियल फक्त मागच्या दोन्ही चाकांना.

२०. माझी गाडी डिझेल आहे, किंवा इंजेक्शनची, किंवा तिला टायमिंग बेल्ट आहे. काय बदलतं?

टायमिंग बेल्ट असेल तर स्टार्ट करण्याआधी तो बदला, किलोमीटर कितीही कमी असोत. उभ्या गाडीत बेल्ट एकाच वळणावर वर्षानुवर्षं दुमडलेला राहतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. हाताने फिरवताना मध्येच ठाम अडथळा आला, तर जोर न लावता आधी टायमिंगच्या खुणा पाहा.

डिझेलच्या टाकीत पाणी असेल तर त्यात जंतू वाढून काळी बुळबुळीत साय येते. टाकी, फिल्टर सगळं साफ करा. इंजेक्शन पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकला असेल तर इंजिन चालू होताच वेग आवरत नाही, म्हणून हवेचं तोंड बंद करायला लाकडी फळी हाताशी ठेवा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनावर ईथरचा स्प्रे मारू नका, स्फोट होऊन पिस्टन फुटतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत, विशेषतः १९७३ पासून आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक या यांत्रिक इंजेक्शनमध्ये, फ्युएल डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटणाऱ्या भागाचा) प्लंजर डिंकाने अडकतो. तो हातोडी-पक्कडीने सोडवायचा भाग नव्हे, जाणकाराकडे द्या.

२१. पहिला स्टार्ट कसा द्यायचा? आणि धूर आला तर घाबरायचं का?

उघड्यावर. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. अग्निशामक नळकांडं हाताशी आणि एक माणूस बॅटरीच्या स्विचपाशी. इंजिन धरलं की ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. आधी ऑइलचा दाब पाहायचा. दहा सेकंदांत तो आला नाही तर बंद करा. टॅपेटची खडखड काही मिनिटांत कमी होते. खालून येणारा जड ‘धप-धप’ आवाज बेअरिंगचा असतो, तो आला तर लगेच बंद.

सिलिंडरमध्ये घातलेलं ऑइल जळत असल्याने सुरुवातीला दाट निळा-पांढरा धूर येणारच. दहा-पंधरा मिनिटांत तो विरळ व्हावा. निळा कायम राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या दांड्याची सील. गोडसर वासाचा पांढरा थांबेना तर हेड गॅस्केट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, चोक किंवा फ्लोट बघा (प्रश्न १०). अडकलेल्या रिंगा कधी कधी काही दिवस चालवल्यावर आपोआप मोकळ्या होतात, त्यामुळे निळ्या धुरावर लगेच इंजिन खोलू नका.

२२. इंजिन छान चालतंय, पण गिअरच पडत नाही.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल लाकडाने दाबून धरून एक-दोन दिवस ठेवा. नाही सुटली तर, ब्रेक पूर्ण झालेले असतील तरच, मोकळ्या मैदानात जा. इंजिन गरम करून बंद करा, पहिला गिअर टाका, क्लच दाबून सेल्फ मारा. गाडी चालू लागली की क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. बहुतेक वेळा ‘खट्’ आवाज करून प्लेट सुटते. हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी त्याचे सिलिंडर बघा. कधी प्लेट निर्दोष असते आणि ऑइलच गळून गेलेलं असतं.

२३. पहिली फेरी किती लांब मारू?

आधी स्टिअरिंगचे सांधे आणि सगळे ग्रीस निपल ग्रीसने भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. व्हील बेअरिंगमधलं ग्रीस साबणासारखं कडक झालेलं असतं, ते धुऊन नवं भरा. मग गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि परत या. चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एक जास्त गरम असेल तर तो ब्रेक धरतोय (प्रश्न १२). खाली थेंब पडलेत का बघा, चाकांचे नट पुन्हा आवळा. नंतर अंतर थोडं थोडं वाढवत न्या. पहिल्या काही आठवड्यांत रोज काहीतरी गळेल किंवा सैल होईल, ते अपेक्षितच आहे. नोंदणी आणि विम्याचे नियम तुमच्या भागात काय आहेत ते मात्र गल्लीच्या पुढे जाण्याआधी पाहा. अनेक ठिकाणी उभ्या गाडीचा विमा चालत्या गाडीला लागू होत नाही.

२४. एवढं केलंच आहे, तर रंग आणि सीट पण नवे करून टाकू?

वर्षभर चालवा, मग ठरवा. मूळ रंग एकदाच असतो. सुरक्षिततेशी संबंधित भाग नवे घाला, बाकीचे स्वच्छ करा, आणि काढलेला कोणताही मूळ भाग फेकू नका. गाडी पूर्ण सुटी करून ‘एकदाच सगळं नवं’ करायला निघालेले लोक बरेचदा खोक्यांतली गाडी विकतात.

२५. पुन्हा काही महिने उभी ठेवायची वेळ आली, तर दर आठवड्याला पाच मिनिटं चालू ठेवू का?

नको. पाच मिनिटांत इंजिन पुरेसं तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं आणि गंजवतं. एक तर महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर नेऊन नीट गरम करा, नाहीतर अजिबात हात लावू नका. लांब ठेवायचीच असेल तर ऑइल आधी बदला, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, बॅटरी सोडा, हँडब्रेक सैल ठेवून चाकांना ठोकळे लावा आणि वरून हवा जाईल असं कापडी कव्हर घाला.